गरम पाण्याचा जामीनदार

आमच्या केजला गरम पाण्याला कधी किंमत नव्हती. किंमत असायची ती नुसत्या पाण्याला. ते कढत आहे की गार आहे ही चौकशी करणं म्हणजे आयत्या पंगतीत बसून वरणात मीठ कमी पडलंय म्हणण्यासारखं. नळाला पाणी कितव्या दिवशी सुटणार यावर आमच्या गल्लीत जेवढं बोलणं होतं, तेवढं निवडणुकीवरही होत नाही. आणि मार्च ते जून गच्चीवरची काळी टाकी पाणी इतकं फुकट नि इतकं मनापासून तापवून देते की दुपारी दोन वाजता तोंड धुवायचं असेल तर सकाळीच बादली भरून सावलीत ठेवावी लागते. राहता राहिले दिवाळी ते संक्रांत एवढे दिवस. तेव्हा बालाघाटाच्या डोंगरावरून पहाटे असा वारा सुटतो की आंघोळ ही गोष्ट शास्त्रात नेमकी कोणी घुसडली, याचा शोध घ्यावासा वाटतो. त्या दिवसांसाठी बंब होता.

माझ्या आजोळी तांब्याचा बंब होता. त्याच्याकडे मी आजवर आंघोळीचं एक भांडं म्हणूनच पाहत आलो. आता मात्र ज्या तांबटानं तो पहिल्यांदा घडवला त्याला मी मनोमन हात जोडतो. चुलीवरच्या पातेल्याखाली जाळ असतो आणि त्यातला निम्माशिम्मा स्वयंपाकघर तापवण्यात जातो. बंबात जाळ आत आणि पाणी त्याच्या चहूबाजूंनी. जाळाला पळून जायला वाट एकच, वरच्या धुराड्याची, आणि त्या वाटेवरही दोन्हीकडे पाणीच उभं. म्हणजे वसुलीचा माणूस दारात बसवावा तसं. चार पऱ्हाट्या आणि दोन गोवऱ्या एवढ्या भांडवलावर अख्खं घर आंघोळ करून शाळेत, कचेरीत आणि शेतावर जायचं. वर झाकण असे. ते कुणी उघडं टाकलं की आजी ज्या आवाजात ओरडायची, तो आवाज शेजारच्या वाड्यातली माणसं घड्याळासारखा वापरीत.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की असल्या गावातला मी एक बी.कॉम. झालेला बँकेचा कारकून, गेल्या हिवाळ्यात एका बाराशे लिटरच्या उकळत्या प्रकरणात सापडलो. कारकून हा शब्द मी सवयीनं लिहिला. २०२४ च्या वेतन करारानं आम्हा कारकुनांचं नाव बदलून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं केलं आहे. खुर्ची तीच आहे, तिची एक बाजू तशीच कलते, आणि काउंटरपलीकडचा माणूस अजूनही "ओ साहेब, लवकर करा की जरा" असंच म्हणतो.

त्याचं असं झालं. आमचा मेहुणा पुण्याला एका खाजगी कंपनीत होता. २०२० मध्ये सगळं जग घरी बसलं तेव्हा तोही घरी आला, म्हणजे धनेगावच्या वाटेवर सासूबाईंच्या शेतात आला, आणि परत गेलाच नाही. त्याच वर्षी सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण काढलं. मेहुण्यानं ते शब्दन् शब्द वाचलं आणि शेतात चार खोल्या बांधायला काढल्या. हिशेब तसा चुकीचा नव्हता. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणस्थांतल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी. पुण्या-मुंबईची मंडळी तिच्या दर्शनाला येतात, येतात तशी परळीच्या वैजनाथालाही जातात, आणि मग रात्री कुठं टेकायचं हा प्रश्न येतो. शिवाय डिसेंबर-जानेवारीत हुरडा. आगटीवर भाजलेला हुरडा, तिळाची चटणी, दही, गूळ आणि वर मांजरा धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा. एवढ्यावर माणूस सुखी व्हायला हरकत नव्हती. पण मेहुणा लोणावळ्याला एका बंगल्यात दोन दिवस राहून आला आणि त्यानं तिथं हॉट टब पाहिला.

हॉट टब म्हणजे काय, हे मी सांगतो तसं समजून घ्या. सहा माणसं मावतील एवढा फायबरचा हौद. त्यात बाकं. बाकांवर पाठीमागून, कमरेतून, पायांखालून पाण्याच्या पिचकाऱ्या. पाणी कायम चाळीस अंशावर. यात माणसांनी आंघोळ करायची नसते, आंघोळ करून यायचं असतं. त्यात नुसतं बसायचं. मेहुण्याच्या सालगड्यानं पहिल्या दिवशी लांबून पाहिलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "तिकडं मालकाच्या हौदात पुण्याची माणसं शिजायलेत."

हा टब मेहुण्यानं लोणावळ्याच्याच एका माणसाकडून वापरलेला घेतला. त्या माणसानं सांगितलं होतं की ह्याचं एक जाड कव्हर येतं, त्याचे बावीस हजार वेगळे. मेहुण्यानं बाणेदारपणे कव्हर नाकारलं. "दाजी, बावीस हजार वाचवले," असं त्यानं मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात अर्थमंत्र्याचं समाधान होतं.

खोल्या आणि टब मिळून पाच लाखांचं कर्ज झालं. नात्यातलं प्रकरण आपल्याच शाखेत नको म्हणून ते दुसऱ्या एका बँकेत केलं, आणि त्या कागदावर जामीनदार म्हणून सही माझी. नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. आमच्या केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथं धुळवडीला गावच्या एका जावयाला धरून गाढवावर बसवतात आणि वाजतगाजत मिरवतात. ही चाल जुनी आहे आणि पेपरात दरसाल तिचा फोटो येतो. धुळवड जवळ आली की विड्याचे जावई दडी मारतात आणि गावकरी त्यांना हुडकत फिरतात. आता एवढा गाढवाचा मान जिथं चालत आलेला, त्या तालुक्याच्या जावयानं एका सहीसाठी का दडी मारावी? फरक इतकाच, की विड्याच्या जावयाला मिरवणूक झाल्यावर कपडे आणि सोन्याची अंगठी मिळते.

मी बँकेत वीस वर्षं काढली आहेत. कर्जदार बँकेत येतो तो हसत येतो. जामीनदार एकदाच येतो, नोटीस हातात धरून, आणि तो प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलतो, "पण पैसे तर त्यानं घेतले होते ना?" हे वाक्य मी काउंटरच्या या बाजूनं इतक्यांदा ऐकलं आहे, की ते त्या बाजूनं म्हणण्याची मला अजिबात हौस नव्हती. म्हणून डिसेंबरचं वीजबिल घेऊन मेहुणा आमच्या घरी आला, तेव्हा त्याच्याआधी माझ्याच पोटात गोळा आला.

बिल १८,६४० रुपयांचं होतं. कर्जाचा हप्ता होता १०,८७१ रुपयांचा.

"दाजी, तुम्ही हिशेबातले माणूस. बघा जरा, कुठं काय चुकलंय का."

मी बिल पाहिलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. प्रत्येक ओळ बेरजेला बरोबर होती. बँकेच्या माणसाला चूक न सापडण्याइतकं वाईट काही नसतं. पाहुण्यांच्या खोल्यांचं मीटर वेगळं होतं आणि त्यावर महिन्यात १,४३४ युनिटं जळली होती. सगळे आकार धरून युनिटाला तेरा रुपये. मी त्याला पाहुण्यांची वही मागितली. एकतीस दिवसांपैकी पाहुणे मुक्कामाला होते नऊ रात्री. म्हणजे रात्रीला पडली १५९ युनिटं, दोन हजारांच्या वर रुपये. आणि खोलीचं भाडं होतं नाश्त्यासकट अडीच हजार.

"आणि बाकीच्या बावीस रात्री टबात कोण बसत होतं?"

"कोणी नाही. पण पाणी तापलेलं ठेवावं लागतं ना दाजी. एकदा गार झालं की परत तापवायला लई वीज जाते."

ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिच्याकडे मी पुढं वळणारच आहे. आधी त्यानं सुचवलेला उपाय सांगतो, कारण तो खास आमच्या भागातला आहे. तो आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, आकडा टाकू का?"

आकडा म्हणजे खांबावरच्या तारेवर टाकलेली वायर. त्यानं बिल कमी होतं यात शंका नाही. पण कर्जदार तुरुंगात आणि टब चालू, अशी स्थिती आली तर हप्ता कुणी भरायचा, हे कर्जाच्या कागदावर माझ्या सहीच्या वरच छापलेलं होतं. मी त्याला म्हटलं, "आकडा नाही. रविवारी मी येतो."

रविवारी आम्ही सहकुटुंब गेलो. बरोबर दहावीतली मुलगी होती, कारण मला बी.कॉम.ला उष्णता हा विषय नव्हता आणि तिला 'उष्णता' हा अख्खा धडा होता. शनिवारी रात्री आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला होता. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. विहिरीचं पाणी २४ अंश, टब ४० अंश, फरक सोळाचा. बाराशे गुणिले सोळा, १९,२०० किलोकॅलरी. एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. भागाकार आला साधारण २२ युनिटं. म्हणजे अख्खा टब विहिरीतून भरून पहिल्यापासून तापवायला तीनशे रुपयांच्या आत खर्च. मग रोजची सेहेचाळीस युनिटं जात होती कुठं? तापवलेलं पाणी तापलेलंच होतं की! बँकेच्या भाषेत सांगायचं तर मुद्दल जागच्या जागी होतं आणि खात्यातून रोज त्याच्या दुप्पट रक्कम कुणीतरी काढत होतं.

हा चोर पकडायला आम्ही रविवारी रात्री शेतातच मुक्काम केला. हौदाच्या कडेला मुलीची प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली. रात्री नऊला पाण्याची रेघ वाचली. पाहुणे नव्हते, टबात कुणी उतरलं नव्हतं, मेहुण्याच्या पद्धतीप्रमाणे हीटर चालू होता. वर टिपूर चांदणं आणि पाण्यावरून वाफेचे लोट. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "किती छान दिसतंय नाही?" मलाही छान दिसलं. तेरा रुपयाला एक युनिट या भावानं ते आमच्यासमोर आभाळात चाललं होतं, हे कळायला सकाळ उजाडावी लागली.

सकाळी सहाला रेघ एक सेंटिमीटर खाली आली होती. एकच. मेहुण्यानं सुटकेचा श्वास टाकला. पण हौदाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटर. त्याचा एक सेंटिमीटर म्हणजे ३२ लिटर पाणी. दोन-सव्वादोन घागरी पाणी नऊ तासांत न सांडता, न गळता गेलं होतं. मुलीनं धडा उघडला. पाण्याची वाफ होताना ते आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातं, तिला अप्रकट उष्मा म्हणतात. उकळत्या पाण्याला ग्रॅममागे ५४० कॅलरी. आणि गंमत म्हणजे पाणी न उकळताच, नुसतं कोमट असताना उडालं तर ते त्याहून थोडी जास्तच नेतं, ५७५ च्या घरात. धुणं वाळतं तेव्हा कुठं ते उकळत असतं? ३२ लिटर गुणिले ५७५, भागिले ८६०. उत्तर २१ युनिटं.

मी ते तीनदा करून पाहिलं. बाराशे लिटर पाणी गारचं गरम करायला २२ युनिटं, आणि त्यातलं फक्त बत्तीस लिटर वाफ होऊन गेलं तर २१! पिचकाऱ्या, पाइप, हौदाच्या भिंती यांचं जाणं किरकोळ होतं. दरोडा पडत होता तो वरून, उघड्या तोंडातून, आणि आम्ही त्याला छान दिसतंय म्हणत होतो.

आता इथं मला परळीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याच जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथं कोळसा जाळून पाणी उकळतात, त्या वाफेवर चक्र फिरवतात आणि वीज करतात. कोळशातली उष्णता शंभर धरली तर तिची वीज होते पस्तीसच्या आसपास. बाकीची धुराड्यातून आणि थंड करायच्या मनोऱ्यांतून हवेत. ती वीज तारांवरून केजला येते. तारेत शिरल्यावर विजेला गाव राहत नाही, हे मला ठाऊक आहे, पण समजा आली. तिनं आम्ही काय करतो? तर परत पाणी तापवतो आणि त्याची वाफ करून आभाळात सोडतो. परळीला वाफेची वीज आणि केजला विजेची वाफ. मधल्या मध्ये कोळसा कुठून कुठून आला, किती डबे आले, याचा विचार केला तर बंबातल्या चार पऱ्हाट्यांपुढं मान खाली जाते. आणि हे केंद्र २०१५ साली कशामुळं बंद ठेवावं लागलं होतं? पाणी नाही म्हणून. पुढच्या वर्षी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, तर मांजरा धरणच कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या धरणाच्या काठी आम्ही बसलो होतो, ते हेच. तेव्हा त्या बत्तीस लिटरांचा मला विजेइतकाच राग आला.

एवढं सगळं गणित मी हौदाच्या काठावर उभा राहून मेहुण्याला समजावून सांगत होतो. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्या टबाकडे फारशा फिरकत नसत. तिथं बसणाऱ्यांच्या कपड्यांविषयी त्यांचं मत पक्कं होतं. त्यांनी वाफ पाहिली, मला पाहिलं, मुलीचं पुस्तक पाहिलं आणि लेकाला म्हणाल्या,

"आन् ह्याला झाकण कुठंय रे?"

मेहुणा म्हणाला, "आई, त्याचे बावीस हजार वेगळे होते."

"दूध तापवलं तर झाकतोस, भात झाकतोस. येवढं आंघुळीचं पाणी कामून उघडं टाकलंस? जावईबापू, तुमी तरी सांगायचं ह्याला."

मी पाऊण तास तेच सांगत होतो. फक्त अप्रकट उष्म्यामुळं त्याला ते उमगत नव्हतं, आणि आईनं दूध म्हटल्याबरोबर उमगलं.

झाकण आम्हीच केलं. माळ्यावर गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे जाड ताव पडून होते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून ते तिथंच होते, टाकवत नव्हते आणि वापरवत नव्हते. थर्माकोल म्हणजे बहुतेक कोंडलेली हवाच. उष्णता तिच्यातून फार सावकाश जाते. गावातल्या सुतारानं सागाच्या पट्ट्यांची चौकट करून दिली, दोन भागांत, मध्ये बिजागरी. आत दुहेरी ताव, वरून खालून जाड मेणकापड. पहिल्या रात्री कडेच्या फटींतून वाफ यायचीच. तेव्हा सासूबाईंनी आपली एक जुनी वाकळ आणून वरून अशी दाबून घातली, की टब आजारी माणसासारखा दिसायला लागला. खर्च सारा मिळून साडेतीन हजार, त्यातले बाराशे बिजागऱ्यांचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवरची रेघ जिथल्या तिथं होती.

उगवतीकडून वारा यायचा, त्या बाजूला मेहुण्याच्या सालगड्यानं तुराट्यांचा कूड घातला. उघड्या पाण्यावरून वारा गेला की वाफ दुपटीनं पळते. भिजलेलं धोतर वाऱ्यावर का वाळत घालतात, हे ज्याला कळलं त्याला एवढं कळायला पुस्तक लागत नाही. त्या कुडाला टेकून आता पाहुणे फोटो काढतात.

राहिली ती समजूत, की गार होऊ दिलं तर परत तापवायला जास्त वीज जाते. या एका वाक्यावर मेहुणा अडून बसला. पुण्याच्या कंपनीतल्या चार मित्रांनी त्याला तेच सांगितलं होतं. शेवटी मी त्याला माझ्या धंद्याच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, "समज, तुला महिन्यातून नऊ दिवस पैसे लागतात. तू पाच लाख उचलून महिनाभर उशाशी ठेवतोस आणि एकतीस दिवसांचं व्याज भरतोस. का? तर परत उचलायला गेलं की फॉर्म भरावा लागतो म्हणून. अरे, त्यापेक्षा कॅश क्रेडिट घे. लागेल तेव्हा उचल, भागलं की भरून टाक. वापरशील तेवढ्यावरच व्याज." पाणी जितकं गरम, तितकं ते आजूबाजूला जास्त देतं. जसजसं निवतं तसं देणं कमी होत जातं आणि पुरतं निवलं की थांबतं. गार टब फुकट असतो. तो तापवायला लागतात ती ठरलेली २२ युनिटं, एक दमडी जास्त नाही. पाहुणा संध्याकाळी सातला टबात बसणार असेल, तर तीन किलोवॉटचा हीटर सकाळी अकराला लावला तरी पुरतो. आधल्या रात्रीचं पाणी झाकणाखाली असेल तर दुपारी चारला. ओळीनं दोन दिवस पाहुणे असतील तर झाकून ठेवावं, चार दिवस नसतील तर सरळ बटण बंद.

"आणि एकदम कुणी आलं तर?" मेहुण्यानं विचारलं.

"तर त्याला हुरडा दे. हुरडा खाईपर्यंत पाणी तापतं."

आणखी एक केलं. चाळीसचे अडतीस अंश केले. वरवर पाहता दोन अंशांत काय आहे! पण वाफ वर पळण्याचा जोर या टोकाला फार झपाट्यानं वाढतो. दोन अंश उतरवले की उघड्या टबाचं वाफेतून होणारं नुकसान जवळजवळ आठव्या हिश्शानं कमी होतं. एकाही पाहुण्याला फरक जाणवला नाही. एका पुण्याच्या गृहस्थांना जाणवला, पण तो पाण्यात नव्हे. मेहुण्याच्या छापील पत्रकात चाळीस लिहिलं होतं आणि टबाच्या पाटीवर अडतीस दिसत होतं. त्यांनी दोन अंशांचे किती रुपये कमी करणार असं शांतपणे विचारलं. सासूबाईंनी त्यांना अर्धा किलो गूळ बांधून दिला.

पाणी दर पाहुण्यामागे ओतून द्यायचंही बंद केलं. गाळणी आणि औषध वेळच्या वेळी ठेवलं, आत उतरण्याआधी साबण लावून आंघोळ सक्तीची केली, तर तेच पाणी बरेच दिवस चालतं. पूर्वी मेहुणा दर वेळी बाराशे लिटर सोडून द्यायचा आणि त्याबरोबर २२ युनिटंही. आता महिना-दीड महिन्यातून एकदा सोडतो, तेही दोन दिवस उघड्यावर ठेवून, क्लोरीन उडून गेल्यावर, सीताफळांना.

आणि शेवटचं म्हणजे बंब. सासूबाईंच्या घरी माळ्यावर थर्माकोलच्या मागेच त्यांचा तांब्याचा बंब सापडला. मी गणित केलं. टबात ३२ अंशाचं हजार लिटर पाणी असेल आणि त्यात ८० अंशाचं दोनशे लिटर ओतलं तर अख्खा टब बरोबर ४० वर येतो. म्हणजे चाळीस लिटरचा बंब पाच वेळा. ही युक्ती मी फक्त वीज गेली तर, म्हणून सुचवली होती. पण जानेवारीतल्या एका शनिवारी खरोखर वीज गेली आणि मुंबईच्या आठ माणसांसमोर मेहुण्यानं बंब पेटवला. ती माणसं टबाकडे ढुंकून पाहीनात. बंबाभोवती कोंडाळं करून बसली, पऱ्हाट्या सारायला त्यांच्यात भांडणं लागली, एका आजोबांना धुराच्या वासानं आपलं राजापूरचं घर आठवलं आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते आठवणीचं की धुराचं, हे मी विचारलं नाही. टबात त्या रात्री कुणी उतरलंच नाही. सगळ्यांनी बंबाच्या पाण्यानं बादलीतून आंघोळ केली आणि भाडं पूर्ण दिलं.

जानेवारीचं बिल आलं ६,४१० रुपयांचं. पाहुणे बारा रात्री होते, युनिटं ४८०. मेहुणा बिल घेऊन बँकेत आला, माझ्या काउंटरवर ठेवलं आणि रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दाजी, हप्ता भरला. वेळेवर!" मागच्या माणसानं माझ्याकडे अशा आदरानं पाहिलं की तेवढ्यात सर्व्हर बंद पडला तरी तो काही बोलला नाही.

फेब्रुवारी गेला, मार्च आला. हीटरची गरजच संपली. मेहुण्यानं छपरावर काळ्या पाइपाचं शंभर मीटरचं वेटोळं पसरून टबातलं पाणी त्यातून फिरवून पाहिलं. दुपारभरात पाच अंश चढले, तेही फुकट. पण ही युक्ती हाताला लागली तेव्हा तिची गरज उरली नव्हती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"दाजी, एक अडचण झालीय. हीटर बंद आहे, पाइप बंद आहे, तरी टब सदतीसवर उभा आहे. पाहुणे म्हणायलेत, गार पाणी द्या. पाणी गार करायचं मशीन येतंय म्हणे. लोणावळ्याच्या त्याच माणसाकडं आहे. ते किती युनिटं खातं, जरा बघता का?"

कर्जाचे अजून ४१ हप्ते आहेत. मी त्याला विचारलं, "रात्री झाकण घालतोस का?"

"घालतो की. तुम्हीच सांगितलं होतं."

मी त्याला माठ कसा गार होतो ते सांगायला घेतलं. पुन्हा अप्रकट उष्म्यापाशी गाडी अडली. तेव्हा म्हटलं, फोन आईला दे. सासूबाई म्हणाल्या, "त्ये झाकण मी कवाच काढून नेलंय जावईबापू. गच्चीवर हाय. त्याच्यावर कुरडया वाळायलेत."

मेणकापडावर त्या चांगल्या सुटतात म्हणे, चिकटत नाहीत.